पॉलिश केलेल्या काँक्रीटची जमीन कशी राखावी?

ओसरी

नमस्कार मंडळी,

बावधनला जुनं घर विकत घेतलं. आधीच्या मालकांनी हॉल आणि स्वयंपाकघरात टाइल न लावता काँक्रीटच घासून पॉलिश करून घेतलंय. करडा रंग, खाली बसून पाहिलं की खडीचे बारीक काळे-पांढरे ठिपके दिसतात. खरं सांगायचं तर त्या जमिनीवरच भाळून घर घेतलं. मालक परदेशी गेले, त्यामुळे काय काम केलंय, वर काय लावलंय याचा कागद नाही की कुणाला विचारायची सोय नाही.

आता तक्रारी:

हॉलभर एक मळकट, किंचित चिकट थर आलाय. ओलं असताना सुरेख दिसतं, वाळलं की फडक्याचे पट्टे उमटतात. अनवाणी पायाचे ठसेही दिसतात. मावशी रोज पांढरं फिनाइल घालून पुसतात, त्या आधीच्या मालकांकडेही हेच करत होत्या.

देवघरासमोर वीतभर गोल जागा निस्तेज झालीय. तिथे ताम्हण, समया चिंचेने घासायची पद्धत आहे.

ओट्याखाली तेलाचा काळपट डाग आहे आणि त्याच्या शेजारी हळदीचा. बाल्कनीच्या दाराशी फटीलगत पांढरी भुकटी येते, झाडली तरी परत हजर.

एक मार्बल पॉलिशवाला बघून गेला. म्हणाला, "ॲसिड मारून, मशीन फिरवून, वर मेण लावून देतो, नवीन दिसेल." मन धजावत नाहीये. काय करावं?

अर्धाकप

व्हिट्रिफाइड टाइल लावा आणि मोकळ्या व्हा. आमच्याकडे लादीवर काहीही सांडा, पोरं तर रोज सांडतातच.

(गंमत केली हो. बघायला बसलोय, माझ्या मेव्हण्याला हेच करायचंय.)

लेव्हलपट्टी

ओसरीताई, त्या पॉलिशवाल्याला आधी थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

माझं काम चाकण-तळेगाव पट्ट्यात गोदामांच्या जमिनींचं. घरांची कामं अलीकडे येऊ लागलीत. लोक सगळ्याला सरसकट 'काँक्रीट फ्लोअर' म्हणतात, पण त्यात निदान चार वेगळ्या जाती आहेत आणि एकीचं औषध दुसरीला विष ठरतं.

पहिली जात म्हणजे आपला जुना कोबा, ज्याला कामावर आयपीएस (इंडियन पेटंट स्टोन) किंवा नुसतं पेटंट स्टोन म्हणतात. खाली काँक्रीट, वर सिमेंटचा घोळ, आणि गवंड्याने थापीने घोटून आणलेला गुळगुळीतपणा. चौकोन पाडून मध्ये काचेच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. यात खडी दिसत नाही, कारण वरचा पापुद्रा नुसत्या सिमेंटचा असतो.

दुसरी, खरी पॉलिश केलेली. इथे वरचा पापुद्रा हिऱ्याच्या दाण्यांच्या चकत्यांनी घासून काढतात. आधी धातूच्या चकत्या, ३०-४० नंबरपासून ८०, १५० पर्यंत (नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक). मग रेझिनच्या, १००, २००, ४००, ८००, हौस असेल तर १५०० आणि ३०००. मध्येच कधीतरी सिलिकेटचं पाण्यासारखं द्रावण मुरवतात, त्याला डेन्सिफायर म्हणतात. इथली चकाकी कुठल्या लेपाची नसते, दगडच इतका सपाट झालेला असतो की उजेड सरळ परततो. तुम्ही खडीचे ठिपके म्हणालात म्हणजे तुमची बहुतेक हीच.

तिसरी, वर पातळ लेप दिलेली, म्हणजे मायक्रोसिमेंट किंवा मायक्रोटॉपिंग. दोन-तीन मिलिमीटरचा थर आणि त्यावर पीयूचं (पॉलियुरेथेनचं) कोटिंग. चौथी म्हणजे कुठल्याही कोब्यावर ॲक्रिलिक सीलर मारलेली. ही चमकते, पण तो लेप असतो आणि तो झिजतो.

ओळखायचं कसं? कपाटामागे किंवा दाराआड कोपरा निवडा. तो स्पिरिटने नीट पुसून कोरडा करा. त्यावर साध्या पाण्याचे थेंब टाकून चहा होईपर्यंत थांबा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर वर लेप आहे किंवा जमीन चांगली बंद आहे. थेंबाखालचा भाग गडद झाला तर पाणी आत जातंय, म्हणजे संरक्षण संपलंय. मग नाण्याची कड हलकी ओढा. पांढरा किस निघाला तर तो लेपाचा. काही निघालं नाही, उलट नाण्याचीच करडी रेघ उमटली, तर तुमच्या हाताखाली सिमेंट आणि दगड आहे.

हे करून इथे सांगा, मग पुढे बोलू. तोवर फिनाइल बंद.

रसायनी

लेव्हलपट्टी यांच्या सिलिकेटबद्दल थोडं, कारण सगळी देखभाल त्यातूनच कळते.

सिमेंट पाण्याबरोबर घट्ट होतं तेव्हा मोकळा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, शिल्लक राहतो. तो मऊ असतो. सोडियम, पोटॅशियम किंवा लिथियम सिलिकेट मुरवलं की या चुन्याशी त्याची क्रिया होऊन कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतं. सिमेंटला मुळात ताकद देणारा पदार्थ तोच. छिद्रं आतून भरतात, पृष्ठभाग कठीण होतो, भुकटी सुटायची थांबते.

म्हणजे पृष्ठभाग कितीही कठीण झाला तरी जात कॅल्शियमचीच राहिली, आणि कॅल्शियमचा वैरी आम्ल. चिंच, लिंबू, व्हिनेगर, ताक, संडास धुण्याचं लिक्विड (त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं), टाइल क्लीनर, सगळे एकाच कुळातले. आम्ल कॅल्शियम विरघळवून घेऊन जातं आणि मागे बारीक खड्डे ठेवतं. खड्डे पडले की उजेड विखुरतो, म्हणून जागा निस्तेज दिसते. देवघरासमोरचं वर्तुळ हे आहे. तो डाग नव्हेच, तिथली चकाकीच चिंचेने खाल्लीय, त्यामुळे कितीही पुसलं तरी जाणार नाही.

हॉलमधला चिकटपणा मात्र वेगळा. पांढरं फिनाइल म्हणजे पाइन तेलाचं इमल्शन, इमल्सिफायर घालून पाण्यात मिसळवलेलं तेल. पाणी उडून जातं, तेल आणि इमल्सिफायर मागे राहतात. रोज त्यावर नवा थर, त्यात धूळ. हे निघतं.

दोहोंतला फरक असा बघा: संध्याकाळी ट्यूब लावा, गुडघ्यावर बसून तिचं प्रतिबिंब जमिनीत शोधा. पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन तळहाताएवढी जागा पुसा. फडकं करडं झालं आणि तेवढ्यात ट्यूबची कड रेखीव दिसू लागली, तर थर होता. फडकं स्वच्छ आणि प्रतिबिंब तसंच विस्कटलेलं, तर आम्लाने खाल्लंय.

हिरवळ

एवढी रसायनं कशाला? आम्ही घरी बायोएन्झाइम करतो. १ भाग गूळ, ३ भाग लिंबू-संत्र्याच्या साली, १० भाग पाणी, तीन महिने बरणीत. फरशी, भांडी, बाथरूम, सगळ्याला तेच. फिनाइल आमच्याकडे कधीचं बंद झालंय आणि नदीतही विष जात नाही.

रसायनी

हिरवळताई, फिनाइल सोडलंत ते उत्तम. पण तुमच्या बरणीत तीन महिन्यांनी जे तयार होतं ते मुख्यतः ॲसिटिक आणि इतर सेंद्रिय आम्लांचं पाणी आहे. लिटमस किंवा पीएच पट्टी बुडवून बघा, चारच्या आतबाहेर दिसेल (सातच्या खाली म्हणजे आम्ल). सिरॅमिक टाइलला, बाथरूमच्या क्षाराला ते छान. काँक्रीट, संगमरवर, मोझेक, शहाबाद यांच्यावर नको.

रिठ्याचं पाणीही आम्लधर्मीच असतं, तेही टाळा.

हिरवळ

पण आम्ही खूप पातळ करतो. बादलीला एक झाकण.

रसायनी

एका दिवसात काही दिसणार नाही, मान्य. रोज पुसायचं म्हटलं की वर्षभराची बेरीज होते. एवीतेवी जिथे साधं पाणी पुरतं तिथे झाकणभर आम्ल तरी कशाला?

आणि विषय निघालाच आहे तर: ब्लीच आणि संडासाचं ॲसिड एका बादलीत कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

पागोळी

वेंगुर्ल्याचं आमचं घर लाल कोब्याचं. माजघर, ओटी, पडवी सगळीकडे. सिमेंटात लाल ऑक्साइड घालून घोटलेला. आजोबांच्या वेळचा आहे आणि माजघरात अजून तोंड दिसतं. त्याला ना डेन्सिफायर ना सीलर. नव्याने घातला तेव्हा आठ-दहा दिवस पाणी साठवून ठेवलेलं, मग वाळल्यावर खोबरेल तेल चोळून नारळाच्या सोडणाने घासायचे. पुढे सणासुदीला तेवढं तेल. रोज कोरडा केर आणि पिळून घेतलेलं फडकं, बस.

आजी नव्या सुनांना हमखास सांगायची, "पाणी कमी घे गो, जमीन काय तहानलेली नाय."

पडवीचा भाग मात्र पांढुरका पडलाय. रंग उडाला असं सगळे म्हणतात. परत रंग देता येतो का?

लेव्हलपट्टी

पागोळी, लोहाचा ऑक्साइड उन्हाने उडत नाही, तो तसाच आत आहे. वर आलाय तो लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, पडवीला पावसाची ओल खालून मिळते म्हणून तिथेच. कोरड्या ब्रशने घासून भुकटी उचला, मग पिळलेल्या फडक्याने पुसा. पुन्हा रंग मारायच्या भानगडीत पडू नका. कोब्यावर मारलेला ऑइलपेंट दोन पावसाळ्यांत भाजल्या पापडासारखा फुगून सुटतो आणि मग ती जमीन धड कोबा राहत नाही, धड रंगही.

ओसरीताईंची बाल्कनीच्या दाराशी येणारी भुकटीसुद्धा लोणाच. काँक्रीटमधले क्षार ओलीबरोबर वर येतात, पाणी उडतं, क्षार राहतात. ती पाण्याने धुतली तर क्षार विरघळून परत आत जातात आणि दोन दिवसांनी तिथेच उगवतात. कोरडी झाडायची, व्हॅक्यूम असेल तर ओढून घ्यायची, आणि पाणी येतं कुठून ते शोधायचं. बहुतेक बाल्कनीचा उतार आत असेल किंवा दाराच्या उंबऱ्याखालची फट उघडी असेल. ते बंद केल्याशिवाय वरून सीलर लावलात तर सीलरच सुटेल.

रसायनी

खोबरेल तेलाबद्दल एक पुस्ती. खोबरेल हवेत वाळत नाही, जवसाचं तेल वाळून पातळ कवच धरतं. म्हणून खोबरेल लावल्यावर ते अंगात मुरेपर्यंत घासून जास्तीचं पुसून काढावंच लागतं, नाहीतर धूळ धरतं. आजीच्या सोडणाचं काम तेच होतं. लाल कोब्याला ते चालतं. ओसरीताईंच्या सिलिकेटवाल्या जमिनीला कुठलंच तेल नको.

बार्देसकर

आमच्या म्हापशाच्या घरात मधे लाल, कडेने काळी पट्टी. वडील तेल लावत नसत, डब्यातलं लाल मेणाचं पॉलिश लावत आणि जुन्या गोधडीच्या तुकड्यावर बसवून आम्हा पोरांना एकमेकांना ओढायला लावत. जमीन चमकायची, आम्ही दमायचो, दुपारची झोप आयती. मोफत मजूर.

अर्धाकप

बार्देसकर, हे बालमजुरीत मोडतं. :)

खडीसाखर

वास्तुविशारद आहे, म्हणून वेगळ्या टोकाने लिहिते. काँक्रीटच्या जमिनीचं नुकसान राहायला आल्यावर जेवढं होतं, त्याहून जास्त घराचं काम चालू असताना होतं. टाइल झाकतात तसं प्लॅस्टिक अंथरून वर पीओपीचा थर टाकतात. ताज्या काँक्रीटवर हे केलं की खाली ओल अडकते आणि प्लॅस्टिकच्या सुरकुत्यांचं चित्र जमिनीवर कायमचं छापलं जातं. पीओपी झिरपलं तर त्याचे ढग वेगळे. जाड पुठ्ठा अंथरा, तो श्वास घेतो. सांध्यांवर चिकटपट्टी पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडायला, जमिनीला नाही. जमिनीवरची चिकटपट्टी ओढताना सीलर उपटते.

ज्यांना नव्याने करून घ्यायचंय त्यांनी हेही ऐकून ठेवा की केसाएवढ्या भेगा येणार. काँक्रीट आकसतं, वरचा थर लवकर सुकला तर जाळीसारख्या बारीक रेघा पडतात. पुसल्यावर त्या जास्त ठळक दिसतात कारण भेगेतलं पाणी उशिरा सुकतं. त्यांना मळ समजून घासणारे लोक मी पाहिलेत. भेगा सहन होत नसतील तर मेव्हण्यांना टाइलच घ्यायला सांगा, अर्धाकप.

दूरदेशी

मेल्बर्नहून. इथे हे फार चालतं. घर जमिनीलगतच्या स्लॅबवर, तोच स्लॅब घासून पॉलिश. उत्तरेकडे मोठ्या खिडक्या ठेवतात (इथे सूर्य उत्तरेकडून येतो), हिवाळ्यात दिवसभर जमीन ऊन पिते आणि रात्री ऊब देते. उन्हाळ्यात अनवाणी गारवा. पण ढगाळ हिवाळ्यात पाय असे गारठतात की घरात मोजे घालूनच वावरतो.

सफाईसाठी पॉलिश करणाऱ्याने हातात एक पान ठेवलेलं, त्यातलं निम्मं 'काय करू नका' असंच होतं. वाफेचा मॉप नको. रबरी पाठीची पायपुसणी नकोत, रबरातला तेलकट अंश उतरून चौकोनी डाग पडतो. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावा आणि ते फेल्ट मधूनमधून बदला, कारण त्यात वाळूचा कण अडकला की तोच ओरखडे काढतो. रोज मायक्रोफायबरचा कोरडा सपाट मॉप. ओलं आठवड्यातून एखाद्या वेळी, न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असं) क्लीनर घालून.

ओसरी

सगळ्यांचे आभार. चाचण्या केल्या.

दाराआड पाण्याचा थेंब उभा राहिला. नाण्याची करडी रेघ आली, किस नाही. ओट्याजवळ मात्र थेंबाखाली गडद झालं.

स्पिरिटच्या फडक्यावर हॉलमध्ये करडा, पिवळसर थर आला आणि तेवढा तुकडा असा उजळला की आता तो एकच चौकोन वेगळा दिसतोय! देवघरासमोर फडकं स्वच्छ, ट्यूब विस्कटलेलीच. रसायनी, अगदी बरोबर निघालात.

आता क्रमाने सांगा. आणि अजून एक: पुसायला आम्ही आरओचं टाकाऊ पाणी वापरतो, पाणी वाया जाऊ नये म्हणून. ते चालेल ना?

रसायनी

नको. आरओ मशीन क्षार वेगळे करून त्याच नळीतून बाहेर सोडतं, म्हणजे ते पाणी मूळच्या पाण्यापेक्षा जड. वाळलं की क्षार जमिनीवर. तुमचे निम्मे पट्टे तिथूनच येत असतील. ते संडासात ओता. जमिनीला नगरपालिकेचं नळाचं पाणी. बोअरवेलचंही टाळा.

लेव्हलपट्टी

चला, छान. जमीन खरी पॉलिश केलेली आहे, हॉलमध्ये संरक्षण शाबूत आहे, ओट्याजवळ संपलंय. अख्ख्या घराला मशीन लावायची गरज नाही.

हॉलचा थर: कोमट पाण्यात न्यूट्रल फ्लोअर क्लीनर, बाटलीवर लिहिलेल्या मापाने. जास्त घातलं तर फिनाइलचा थर काढून साबणाचा थर चढवाल. एका वेळी सतरंजीएवढी जागा घ्या. ओलं करा, चार-पाच मिनिटं राहू द्या, वाळू देऊ नका. पांढऱ्या मऊ पॅडने घासा. हिरवा खरखरीत पॅड नको, तारेचा काथ्या तर घरातच आणू नका. मळकं पाणी लगेच टिपून घ्या, मग स्वच्छ पाण्याने दोनदा, मग कोरड्या फडक्याने पुसून काढा. दोन बादल्या ठेवा, एक द्रावणाची, एक फडकं पिळायची. मावशींना कंटाळवाणं वाटेल, पण एकदाच करायचंय. एका फेरीत थर निघाला नाही तर पुन्हा करा, द्रावण कडक करू नका.

रोजचं: कोरडी धूळ काढणं हेच निम्म्याहून जास्त काम. जमीन झिजते ती पायाखालच्या वाळूने. दाराबाहेर जाडंभरडं पायपुसणं, आत सुती. कुंचा चालेल, पण नवा असताना त्यातून भुसा गळतो तो आधी बाहेर झटकून घ्या. त्यानंतर पिळून घेतलेलं फडकं, साधं पाणी. झालं.

तेलाचा डाग: इथे मात्र बैजवार सांगतो.

आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, देवासमोरचा दिवाही विझवा. टर्पेंटाइन भडका घेतं, ओट्याखाली थट्टा नाही. खडूची पूड किंवा मुलतानी माती घ्या. मिनरल टर्पेंटाइन थोडं थोडं घालत थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट कालवा. डागावर बोटभर जाड थापा, डागाच्या कडेबाहेर दोन बोटं. वर प्लॅस्टिक, आणि त्याच्या कडांवर चिकटपट्टीऐवजी पाटा-वरवंटा काहीही ठेवा. रात्रभर राहू द्या. सकाळी प्लॅस्टिक काढा आणि मग ती लापशी पूर्ण कोरडी होऊ द्या. लोक इथेच घाई करतात. टर्पेंटाइन तेल सुटं करतं, पण ते वर ओढलं जातं लेप वाळताना. तडे जाऊन सुटू लागली की लाकडी उलथण्याने उचला. पहिल्यांदा डाग फिका होईल, जाणार नाही. पुन्हा लावा.

रसायनी

हळदीला हे लागू नाही. आणि साबण तर अजिबात लावू नका, अल्कलीने हळद लाल होते. नव्या सिमेंटवर सांडलेली हळद तर आपणहून लाल होते, कारण सिमेंटच अल्कधर्मी. हळदीला चुना लावून लाल करायची युक्ती आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

औषधाच्या दुकानात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. कापसाची घडी त्यात भिजवून डागावर ठेवा, वर प्लॅस्टिक, काही तासांनी काढून साध्या पाण्याने पुसा. उरलेला रंग उजेडाने जातो. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, साडीवरचा डाग आपण उन्हात टाकतो तो त्यासाठीच. ओट्याखाली ऊन येणार नाही, तेवढी फेरी जास्त करा. आणि कुठलंही प्रकरण आधी दाराआडच्या कोपऱ्यात.

काजळमाया

मध्येच घुसते. दिवाळीत काय करायचं? आमच्याकडेही अशीच जमीन आहे आणि सासूबाईंना हॉलमध्ये रांगोळी हवीच.

खडीसाखर

रांगोळी काढा की. दगडाची पूड असते ती, म्हणून ओल्या फडक्याने फरफटत पुसू नका, बारीक ओरखडे पडतात. आधी मऊ ब्रशने सुपलीत भरून घ्या, मग पुसा. रंगीत रांगोळीचा रंग ओल्या जमिनीत उतरतो, तेव्हा जमीन पूर्ण वाळल्यावरच काढा. पणत्यांखाली ताटली. पणतीचं तेल बुडातून झिरपतं आणि सकाळपर्यंत गोल डाग तयार. गणपतीत गुलाल आणि कुंकू सांडलं की आधी कोरडंच उचला, पाणी नंतर.

लिंबू सरबत, सोलकढी, टोमॅटोची ग्रेव्ही सांडली तर हातातलं काम सोडून टिपा. दुसऱ्या दिवशी उपयोग नाही.

पागोळी

पावसाळ्यात जमिनीला घाम सुटतो त्याचं काय? जूनमध्ये आमच्या माजघरात पाय सटकतात. आईचं वय झालंय.

लेव्हलपट्टी

तो घाम बाहेरचा. दमट गरम हवा गार जमिनीला लागली की पाणी धरतं. त्या दिवसांत ओलं पुसणं बंदच ठेवा. पंखा चालू, कोरडं फडकं फिरवा, दुपारी दारं-खिडक्या सताड उघड्या टाकू नका, नाहीतर आणखी दमट हवा आत येईल.

पॉलिश केलेलं काँक्रीट कोरडं असताना वाटतं तितकं निसरडं नसतं. ओलं झालं की धोका, आणि वर मेण असेल तर जास्तच. आईंच्या वाटेवर सुती सतरंजी, खाली घसरू नये म्हणून जाळी लावायची तर ती रोज उचलून जमीन कोरडी करायची. बाथरूमच्या दाराशी तर नक्कीच.

ओसरी

ताजा हाल: हॉलचा थर निघाला. मावशी स्वतःच म्हणाल्या, "ताई, बादलीतलं पाणी बघा, एवढं काळं!" आता त्या फिनाइल मागत नाहीत, वास येत नाही म्हणून थोडी कुरकूर आहे एवढंच. तेलाचा डाग दोन लेपांनंतर पुष्कळ फिका झालाय, तिसरा लावलाय. चिंचेची घासाघीस सिंकमध्ये हलवली, त्यावर घरात छोटीशी परिषद झाली पण पार पडली.

राहिलं ते देवघरासमोरचं वर्तुळ आणि ओट्याजवळ सीलर. त्यासाठी माणूस बोलवायचाय. त्याला काय विचारू, म्हणजे फसणार नाही?

लेव्हलपट्टी

पहिला प्रश्न: "कुठल्या नंबरच्या चकत्या आणणार?" तुमच्या जमिनीची चमक बघता ८०० च्या आसपास थांबवलेली असावी. वर्तुळाला ४००, मग ८००, हाताच्या मशीनने, वर्तुळाच्या बाहेर हळूहळू विरत नेऊन. ओरखडे खोल असतील तर २०० पासून. जो थेट "ऑक्झॅलिकची पूड टाकून फिरवतो" म्हणेल त्याला चहा पाजून परत पाठवा, तेही आम्लच आहे.

दुसरा: "घासून झाल्यावर तेवढ्या भागाला डेन्सिफायर लावणार का?" लावायला हवं, कारण आतला ताजा भाग उघडा पडतो.

तिसरा: "ओट्याजवळ कुठला सीलर?" आत मुरणारा, तेल-पाणी दोन्ही अडवणारा घ्या. ॲक्रिलिकचा थर स्वयंपाकघरात लवकर ओरखडतो आणि मग तेवढा चौकोन कायम वेगळा दिसतो. सीलर लावण्याआधी तेलाचे लेप पूर्ण करून जमीन चांगली वाळू द्या, नाहीतर राहिलेलं तेल आत कोंडून ठेवाल.

आणि पैसे ठरवायच्या आधी कपाटाखाली हातभर जागेत करून दाखवायला सांगा. जो करून दाखवायला कां-कूं करतो त्याला काम देऊ नका. नमुना दिवसाउजेडी आणि रात्री ट्यूबखाली, दोन्ही वेळा बघा.

अर्धाकप

मेव्हण्याला अख्खा धागा पाठवला. तो म्हणतोय करणारच. बायकोने फक्त एक विचारलंय: स्वयंपाकघरात टाइल आणि बाकी घरात काँक्रीट असं चालतं का?

खडीसाखर

चालतं, पुष्कळ जण तसंच करतात. सांध्यावर पितळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घ्या आणि दोन्हीची उंची काँक्रीट ओतायच्या आधी ठरवा. घासण्यात दोन-तीन मिलिमीटर जातात, ते धरून. नंतर टाइल वर आली तर रोज कुणीतरी अंगठा ठेचेल.